मुदतवाढीचा दोर कुणाच्या हाती?

(कोकणातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या सत्राचा विषय संयोजकांनी पत्रिकेवर 'परदेशातील वास्तव्याची मुदतवाढ' असा छापला आहे. तो वाचून, हा पक्षाच्या अभ्यासवर्गाचा विषय की एखाद्या प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकाचा, अशी शंका काहींना आली असेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती सकाळी चहाच्या वेळी मजजवळ बोलूनही दाखवली. जमीन, पाणी, रोजगार, महागाई हे आपले विषय आणि व्हिसा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु ज्या कोकणात आपण हा वर्ग भरवला आहे, तिथल्या किती घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते, हे मी आपणांस सांगायला नको. आखाताच्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. कष्ट करून पोट भरणाऱ्या यांतल्या प्रत्येक माणसाच्या खिशात एक कार्ड असते, त्या कार्डाला एक तारीख असते, आणि ती तारीख पुढे ढकलणे बहुधा त्याच्या स्वतःच्या हाती नसते. मग ते कुणाच्या हाती असते, तिथे कसे गेले आणि तिथून सोडवता येईल काय, एवढेच मला आज बोलायचे आहे.

उदाहरण मी मुख्यतः सौदी अरेबियाचे घेतो. समजा, आपल्या संगमेश्वर तालुक्यातला एक सुतार दम्मामला कामाला गेला. मुंबईत जो व्हिसा मिळतो, तो फक्त दारापर्यंतचा कागद. आत पाऊल टाकल्यानंतर त्याच्या मालकाने, म्हणजे कफीलाने, त्याचा 'इकामा' काढावयाचा असतो. इकामा म्हणजे वास्तव्याचा परवाना. तो बहुधा वर्षाचा असतो आणि दर वर्षी नवा करावा लागतो. आता यातली मेख पाहा. सुताराने पैसे साठवले, सुट्टी काढली, सरकारी कचेरीत जाऊन रांग धरली आणि 'माझा परवाना नवा करून द्या' असे म्हटले, तर ते चालत नाही. अर्ज कफीलाचा, भरणा कफीलाचा, शिक्कामोर्तब कफीलाच्या खात्यातून. सुतार हा त्या व्यवहारात पक्षकार नाही. तो त्या व्यवहाराचा विषय आहे.

बरे, मुदत उलटली तर काय होते? कार्ड मेले की त्याच्यावर टेकलेले सगळेच ढासळते. बँकेतले खाते गोठते, म्हणजे गावाकडे पैसे पाठवणे बंद. आरोग्याचा विमा इकाम्याशी जोडलेला, म्हणून दवाखान्यात अडचण. रस्त्यावर पोलिसांनी कार्ड मागितले तर अटकेची धास्ती. आई वारल्याची बातमी आली तरी विमानतळावरून सुटका नाही, कारण देशाबाहेर पडण्याचा परवाना वैध इकाम्यावाचून सरळ मिळत नाही. राहणे बेकायदा आणि जाणे अशक्य, अशा त्रिशंकू अवस्थेत माणूस लोंबकळतो. तिथल्या आपल्या लोकांच्या बोलण्यात 'इकामा संपला' हे शब्द 'काम संपले' यापेक्षा अधिक घाबऱ्या आवाजात येतात, ते उगाच नव्हे.

आता कायदा काय म्हणतो, हेही ऐका, कारण आपण कायद्याचा कागद न वाचता आंदोलन करणाऱ्यांपैकी नाही. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की, परदेशी कामगाराच्या भरतीचा खर्च, इकामा आणि कामाच्या परवान्याचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क, नूतनीकरणास उशीर झाल्यास होणारा दंड आणि मायदेशी परतण्याचे तिकीट, हा सर्व भार मालकाने सोसावयाचा आहे. कलम उत्तम आहे. आपल्याकडच्या एखाद्या कामगार संघटनेने मसुदा केला असता तरी याहून चांगला झाला नसता! पण उशीर मालकाने केला तर अटक कुणाला होते? कामगाराला. उशीर झाल्यास पहिल्या वेळी ५०० रियाल, दुसऱ्या वेळी १,००० आणि तिसऱ्या वेळी हद्दपारी, अशी शिक्षेची चढण आहे. दंड मालकाच्या नावे आणि हद्दपारी कामगाराच्या नशिबी, अशी ही वाटणी आहे.

मालक उशीर का करतो? त्याला दुष्टपणाचे स्पष्टीकरण पुरेसे नाही. समाजवाद्याने तर त्यावर थांबूच नये. त्यामागे हिशेब आहे. इकाम्याचे वार्षिक शुल्क ६५० रियाल. त्याखेरीज २०१८ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारामागे मालकावर मासिक कर बसवला आणि तो दर वर्षी चढवत नेला. ज्या आस्थापनेत परदेशी कामगार सौदी कामगारांहून अधिक, तिथे तो २०१८ मध्ये महिना ४०० रियाल होता, २०२० मध्ये ८०० झाला. म्हणजे एका सुतारामागे वर्षाला ९,६०० रियाल. कारखान्यांना २०१९ पासून यातून सूट मिळाली. कंत्राटदाराला ती नाही. कामाची बिले अडकली, बांधकाम थंडावले की हा कंत्राटदार पहिली काटछाट कुठे करतो? सिमेंट उधार मिळत नाही, ट्रकवाला थांबत नाही. थांबवता येतो तो इकामा, कारण ज्याचे नुकसान व्हायचे तो माणूस ओरडू शकत नाही. ओरडला तर तो कामावरून पळून गेला अशी तक्रार नोंदवण्याची सोय मालकाच्या हाती असते. तिला 'हुरूब' म्हणतात. ही नोंद पडली की फिर्यादी होऊ पाहणारा माणूस आरोपी होतो.

याच्याही खालचा एक थर आहे, आणि कोकणातल्या माणसांना तो चांगला ठाऊक आहे. त्याला 'आझाद व्हिसा' असे मोठे गोंडस नाव आहे. म्हणजे असे की, एखाद्या कफीलाच्या नावावर व्हिसा निघतो, पण त्याच्याकडे काम काहीच नसते. माणसाने व्हिसाची किंमत मोजायची, बाहेर मिळेल ते काम शोधायचे आणि कफीलाला महिन्याला किंवा वर्षाला ठरलेली रक्कम पोचती करायची. इकाम्याचे नूतनीकरण आले की रक्कम वाढते. कायद्याला हा प्रकार मान्य नाही. तरीही तो वर्षानुवर्षे चालत आला. या कफीलाने सुताराला रंधा दिलेला नाही, लाकूड दिलेले नाही, छप्पर दिलेले नाही. तो फक्त सही देतो, आणि सहीचे भाडे घेतो.

मित्रहो, हे वर्णन ऐकताना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना कुणाची तरी आठवण झाली असेल. मला तरी खोताची झाली. खोताने बियाणे दिले नाही, नांगर धरला नाही; परंतु पुढल्या वर्षी ही जमीन तूच कसशील, एवढा त्याचा होकार मिळवण्यासाठी कुळाने धान्याचा वाटा घालायचा, शिवाय वेठीला जायचे. खोताची सत्ता त्याच्या काठीत नव्हती, ती त्या दर सालच्या होकारात होती. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप चालवला आणि जमिनी पडीक ठेवल्या, तो हा होकार मोडून काढण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. ज्यांच्या आजोबांनी खोताचा वाटा घातला, त्यांचे नातू आज कफीलाचा वाटा घालीत आहेत. फरक एवढाच की, चरीच्या कुळांना गावात एकत्र बसता येत होते, संप करता येत होता. सौदी अरेबियात कामगार संघटना काढण्याची मुभाच नाही.

सगळेच एकदम कोसळते तेव्हा काय होते, ते २०१६ साली दिसले. 'सौदी ओजर' या बलाढ्य बांधकाम कंपनीने महिनोन्‌महिने पगार थकवले. तेलाचे भाव उतरले होते, सरकारी बिले अडली होती. कंपनीने पगाराबरोबर इकाम्यांचे नूतनीकरणही थांबवले. हजारो भारतीय कामगार छावण्यांत अडकून पडले. भटारखाने बंद झाले, तेव्हा जेद्दाच्या भारतीय वकिलातीने तिथल्या भारतीय रहिवाशांच्या मदतीने शिधा पोचवला. सुषमा स्वराज यांना संसदेत निवेदन करावे लागले. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तिकडे धाडावे लागले. अखेर सौदी राजाच्या आदेशाने या कामगारांना कंपनीच्या दाखल्याशिवाय देश सोडण्याची आणि दुसरीकडे नोकरी धरण्याची परवानगी मिळाली. ज्या मालकाकडे द्यायला पैसा नव्हता, काम नव्हते, अन्नही नव्हते, त्याचा दाखला मात्र शेवटपर्यंत लागतच होता, आणि तो बाजूला सारायला राजाज्ञा लागली. त्याआधी २०१३ मध्ये 'निताकत' मोहिमेच्या वेळी कागद दुरुस्त करण्याची मुदत जाहीर झाली होती. तेव्हाही लाखाहून अधिक भारतीय परत आले. त्यांतले किती जण स्वतःच्या चुकीने बेकायदा ठरले होते आणि किती जण कफीलाच्या, याचा विचार तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी फारसा केला नाही.

हे सारे अरबांचे खास आहे, असे कुणी समजू नये. आपल्याकडे तसे समजणारे बरेच आहेत आणि त्यांचे हेतू वेगळे असतात. उमर अल् शिहाबी या बहारीनच्या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, कफील पद्धतीची आधुनिक मुळे ब्रिटिश अमलाखालच्या बहारीनमध्ये, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवर आणि परदेशी मजुरांवर देखरेख ठेवण्याच्या व्यवस्थेत सापडतात. पोलीस नेमण्याचा खर्च वाचवून मालकालाच जामीन ठरवायचे, असा तो साम्राज्याचा काटकसरीचा बेत होता.

आणि त्याच साम्राज्याने त्याहीपूर्वी नाताळमध्ये याचा धडा गिरवला होता. हा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण त्याच्याशी महाराष्ट्राचा संबंध आहे. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी गिरमिटिये नेले गेले. त्यांतले बहुसंख्य मद्रास इलाख्यातले आणि उत्तर हिंदुस्थानातले. पाच वर्षांचा करार पुरा झाला की माणूस मोकळा. मग तो भाजीपाला पिकवी, फेरी करी, दुकान टाकी. मळेवाल्यांना मजूर हवा होता. शेजारी नको होता. म्हणून १८९५ साली कायदा झाला: करार संपल्यावर एक तर परत जा, नाही तर पुन्हा गिरमिट लिहून द्या, आणि दोन्ही नको असेल तर दर वर्षी ३ पौंड भरून राहण्याचा परवाना घ्या. मूळ मागणी २५ पौंडांची होती. हिंदुस्थान सरकारने उदार मनाने ती ३ वर आणली. गिरमिट्याचा पगार पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग असे. ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग, म्हणजे सहा महिन्यांची मजुरी. पुढे सोळा वर्षांवरच्या मुलग्यांना आणि तेरा वर्षांवरच्या मुलींनाही तो कर लागू झाला. तो कर उत्पन्नासाठी नव्हताच. भरणे अशक्य व्हावे आणि माणसाने पुन्हा मळ्यावर अंगठा उठवावा, यासाठी तो होता. मुदतवाढीचे शुल्क हे मजुराला नमवण्याचे हत्यार कसे होते, याचे इतके उघडे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

हे ज्यांनी ओळखले त्यांत गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. समाजवादी व्यासपीठांवरून गोखल्यांचे नाव आपण कमी घेतो. नेमस्त म्हणून त्यांना बाजूला ठेवण्याची आपल्याला खोड आहे, ती सोडण्याजोगी आहे. त्यांनी १९१० साली कायदेमंडळात ठराव आणला आणि नाताळसाठी होणारी गिरमिटियांची भरती १९११ च्या जुलैपासून थांबली. १९१२ च्या मार्चमध्ये सबंध गिरमिट पद्धतीच रद्द करण्याचा ठराव त्यांनी मांडला. तो सरकारी बहुमताने पडला. लोक राजीखुशीने जातात, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी मधुमेहाने जर्जर असताना ते दक्षिण आफ्रिकेत गेले, बोथा आणि स्मट्स यांना भेटले आणि ३ पौंडांचा कर जाईल असा शब्द मिळाल्याच्या समजुतीने परतले. पुढे राज्यकर्त्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा १९१३ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतले हिंदी मजूर संपावर गेले, नोव्हेंबरात दोन हजारांवर स्त्रीपुरुष गांधीजींबरोबर ट्रान्सवालच्या सीमेकडे चालत निघाले, मळ्यांवर संप पसरला, आणि १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला. वास्तव्याच्या परवान्यासाठी मजुरांनी केलेला आणि जिंकलेला हा संप आहे.

'लोक राजीखुशीने जातात' हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. गोखल्यांच्या वेळी जे उत्तर होते तेच आज आहे: जाणे राजीखुशीचे असेल, पण एकदा गेल्यावर नाही म्हणण्याचा हक्क उरत नसेल तर त्या राजीखुशीला अर्थ काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या भूमीवर कुणी किती दिवस राहावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाला नाही काय? आहे, आपण तो नाकारीत नाही. पण सौदी किंवा कुवेती सरकार हा अधिकार स्वतः वापरत असते तर प्रश्न वेगळा होता. तिथे सरकारने आपल्या सार्वभौमत्वाचा एक तुकडा खाजगी माणसाला मक्त्याने देऊन टाकला आहे. त्या मक्त्याला सार्वभौमत्व म्हणता येत नाही.

सुधारणा झाल्या नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. खोटे चित्र उभे करून आपण कुणाचे भले करीत नाही. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या ना-हरकत दाखल्याची. सौदी अरेबियाने १४ मार्च २०२१ पासून एक वर्षाच्या नोकरीनंतर मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. इकाम्याची किंवा कामाच्या परवान्याची मुदत उलटली असेल अथवा सलग तीन महिने पगार नसेल, तर वर्षाचीही अट नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या गावच्या प्रत्येक माणसाला ती ठाऊक असली पाहिजे. परंतु या सुधारणांतून घरकाम करणाऱ्या बायका, खाजगी चालक, घरचे पहारेकरी, मेंढपाळ, माळी आणि शेतमजूर यांना वगळले गेले. म्हणजे जे सर्वांत एकटे, तेच बाहेर. आणि नोकरी बदलता आली तरी एका कफीलाकडून दुसऱ्या कफीलाकडेच जायचे असते. दोर तोच राहतो.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मात्र दोर नाही. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये एक खास इकामा काढला: ८ लाख रियाल भरा आणि कायमचे राहा, किंवा वर्षाला १ लाख भरून राहा, कफीलाची गरज नाही. वास्तव्याचा हक्क आणि मालक यांची फारकत करता येते, हे यावरून त्यांनीच सिद्ध केले आहे. ती फक्त विकत घ्यावी लागते.

पुण्याच्या अभियंत्यांचे काय, असे कुणी विचारील. अमेरिकेतला एच-१बी व्हिसाही मालकाच्याच अर्जावर मिळतो आणि वाढतो. एरवी तीन अधिक तीन अशी सहा वर्षे. नोकरी गेली तर फार तर ६० दिवसांत नवा मालक शोधा नाही तर निघा. तिथेही दोरच आहे, जरी रेशमी असला तरी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांची पहिली पाने त्या बातमीने भरून गेली. तक्रार त्याबद्दल नाही. इकाम्याच्या मासिक कराला त्या पानांवर कधी एक रकानाही मिळू नये, याबद्दल आहे.

आता आपल्या सरकारकडे वळू. १९८३ चा आपला परदेशगमनाचा कायदा माणूस विमानात बसेपर्यंतचा आहे. दलालाने शुल्क किती घ्यावे, करारावर काय असावे, हे तो पाहतो. मुदतवाढीच्या वेळी, म्हणजे जेव्हा खरा घोळ होतो तेव्हा, तो कायदा मुंबईच्या विमानतळावर उभा असतो. शिवाय त्यातली मंजुरीची अट दहावी उत्तीर्ण झालेल्यांना लागूच नाही. कोकणातली पोरे दहावी होतात, आणि त्यामुळेच सरकारी दप्तरातून नाहीशी होतात. त्यांचीही नोंदणी व्हावी असे सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले आणि अंमल सुरू होण्याआधीच स्थगित केले. २०१९ आणि २०२१ मध्ये नव्या कायद्याचे मसुदे लोकांपुढे ठेवले गेले. मसुदा वाचायची सवय आपल्या पक्षात कमी होत चालली आहे, हेही जाता जाता नोंदवतो.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार संमत केला. नोकरी सुटली एवढ्याच कारणाने माणूस बेकायदा ठरू नये, असे तत्त्व त्यात आहे. अर्थात, ज्या देशात वास्तव्य विशिष्ट कामालाच स्पष्टपणे बांधलेले आहे, त्याला त्यातून पळवाटही आहे. त्या करारावर आखातातल्या एकाही राजवटीने सही केलेली नाही. भारतानेही केलेली नाही. मग रियाधला कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलायचे? २००८ साली रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना बदडले गेले, तेव्हा आपल्यातलेही काही जण 'भावना समजून घ्या' असे म्हणत होते. त्यांच्या घरातली माणसे कुवेतमध्ये परप्रांतीयच आहेत.

मागण्यांपैकी दोनच सांगतो. भारताने आखाती देशांशी जे कामगारविषयक करार केले, उदाहरणार्थ घरकामगारांबाबत सौदीशी २०१४ साली झालेला, त्यांत मालकाने मुदत चुकवल्यास कामगाराला स्वतः अर्ज करता यावा आणि निकाल लागेपर्यंत त्याचे वास्तव्य वैध मानले जावे, हे कलम घालण्याचा आग्रह धरायचा. दुसरे, केरळने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. त्या तोडीची यंत्रणा तालुक्यापर्यंत पोचलेली आपल्याकडे हवी.

पण सरकार ऐकेपर्यंत आपण वाट पाहायची काय? बाहेर गेलेल्या माणसांची आपल्याजवळ यादी नाही. माझी सूचना अशी की, प्रत्येक तालुका शाखेने एक नोंदवही घालावी आणि गणपतीला, ईदेला, मे महिन्यात जी माणसे सुट्टीवर येतात त्यांच्या घरी जाऊन ती भरावी. पासपोर्ट कुणाजवळ आहे, कराराची प्रत घरी ठेवली आहे काय, इकाम्यावर मालकाचे नाव काय आणि प्रत्यक्ष काम कुणाकडे, कार्डाची दोन्ही बाजूंची छायाप्रत बायकोजवळ किंवा भावाजवळ आहे काय, एवढे विचारावे. मुदतीची तारीख ठळक लिहावी, आणि तिच्या दोन महिने आधी त्या घरी कार्यकर्त्याने पुन्हा जाऊन, नूतनीकरण झाले का, हे विचारून यावे. झाले नसेल तर त्याच आठवड्यात वकिलातीकडे लेखी तक्रार गेली पाहिजे, मुदत उलटल्यावर नव्हे. खेड आणि संगमेश्वरच्या शाखांनी दिवाळीपूर्वी हे काम सुरू करावे. वह्यांचा खर्च जिल्हा समितीकडे मागावा.